बाईंना भागाकार येत नाही

तालुक्याला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय होता वर्गातला तंत्रज्ञानाचा वापर. शिकवायला आलेले सर तिशीच्या आतले, शेजारच्याच केंद्रातल्या एका शाळेवरचे. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "एआय कोणी कोणी वापरलंय? हात वर करा." माझ्या पुढच्या दोन रांगांनी हात वर केले, म्हणून मीही केला. प्रशिक्षणात पुढची रांग करील ते करायचं, हे मी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत शिकले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी नेमकं मलाच उठवलं.

"मॅडम, तुम्ही कशासाठी वापरता?"

"हजेरीसाठी," मी म्हणाले.

सगळा हॉल हसला. ते सर हसले नाहीत. त्यांनी मला बसवलं आणि चहाच्या सुट्टीत स्वतः माझ्याकडे आले.

"मॅडम, रोज कुठून येता?"

"नगरहून. जाऊन-येऊन तीन तास जातात."

"त्या वेळात काय करता?"

"जाताना झोपते. येताना पण झोपते."

"मग पॉडकास्ट ऐका. ते डोळे मिटून ऐकलं तरी चालतं."

मी शब्द वहीत लिहून घेतला. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते, ती शनिवारी घरी आली तेव्हा तिनं वही पाहिली आणि तो आधी दुरुस्त केला. मग माझ्या मोबाईलमध्ये सगळं लावून दिलं. "आई, हे रेडिओसारखंच आहे," ती म्हणाली. "फक्त तुला हवं तेव्हा लागतं आणि मधेच बंद केलंस तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं." हे ऐकून मला बरं वाटलं. माझ्या वर्गातलं शिक्षणही पुष्कळदा तसंच चालतं.

तिनं शोधून दिलेला पॉडकास्ट मराठी होता आणि शिक्षकांसाठीच होता. तो चालवणारे दोघं, एक सर आणि एक बाई, स्वतः शिक्षक होते. ते पहिली सात-आठ मिनिटं एकमेकांना हसायचे आणि मग विषयावर यायचे. मी माळीवाड्याच्या स्टँडवर पाथर्डीच्या गाडीत बसले की कानात इयरफोन घालायची. गाडी शहराबाहेर पडेपर्यंत त्यांचं हसणं संपायचं आणि करंजीचा घाट येईपर्यंत मला काहीतरी समजलेलं असायचं.

एकदा शेजारी नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "कुनाचं कीर्तन चाललंय?" मी एक इयरफोन त्यांच्या कानात दिला. त्या दिवशीचा भाग क्लाउडवर होता. आपली कागदपत्रं आता ढगात कशी राहतात, हे पॉडकास्टमधल्या बाई समजावून सांगत होत्या. म्हाताऱ्या बाईंनी बराच वेळ मन लावून ऐकलं, मग इयरफोन काढून माझ्या हातात दिला.

"चांगलं बोलत्यात," त्या म्हणाल्या. "पर पानी कवा पडंल त्ये न्हाई सांगितलं."

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, आणि दोन शिक्षकांची. एक मी आणि एक मुख्याध्यापक. मी फाट्यावर उतरून जीपने गावात पोचायची. सर शेजारच्याच गावात राहायचे आणि मोटारसायकलवर माझ्याआधी येऊन घंटेची दोरी धरून उभे असायचे. ते निवृत्तीला आलेले, गणितात पक्के, आणि मोबाईलच्या बाबतीत त्यांचं धोरण ठरलेलं होतं. त्याला हात लावायचा नाही आणि तो वाजला तर माझ्याकडे द्यायचा. ऑनलाइन माहिती भरणं माझ्याकडेच होतं. गावात मला बाई म्हणत, सरही बाईच म्हणत.

पॉडकास्टचा शाळेला पहिला उपयोग झाला तो असा. पासवर्डवरचा भाग ऐकून मी त्याच दिवशी शाळेचे सगळे पासवर्ड बदलले. आतापर्यंत ते सरांनी ऑफिसातल्या महाराष्ट्राच्या नकाशाच्या मागे खडूनं भिंतीवर लिहून ठेवलेले असायचे.

"सर, हे असुरक्षित आहे," मी म्हणाले.

"बाई, ज्या चोराला नकाशा उलटून बघायचं सुचेल, तो आपल्याकडे चोरीला कशाला येईल? तो परीक्षा देऊन साहेब होईल."

मी ऐकलं नाही. एका पासवर्डमध्ये मोठं अक्षर, अंक आणि चिन्ह असं सगळं घातलं, भिंत पुसली, आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं चिन्ह कोणतं ते विसरले. पुढचे चार दिवस आमची शाळा शासनाच्या लेखी बंद होती. पाचव्या दिवशी मी नवा पासवर्ड सरांना सांगितला. त्यांनी नकाशा बाजूला केला आणि खडू घेतला.

पण त्यानंतर ते रोज परिपाठ झाला की विचारू लागले, "तुमच्या त्या बाई आज काय म्हणाल्या?" मी सांगायची. ते मान हलवायचे, कधी म्हणायचे, "हे बरोबर आहे," आणि कधी म्हणायचे, "त्या बाईंना दोन वर्ग एकत्र शिकवावे लागत नसणार."

पावसाळ्यात सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही, लिहायचं नाही, टीव्ही बघायचा नाही असं सांगितलं. मी एका दुपारी त्यांना बघायला गेले. ते ओसरीत काळा चष्मा लावून बसले होते.

"बाई, मी आता भिंतीला पाढे शिकवायला लागलोय," ते म्हणाले. "त्या तुमच्या बाई माझ्याही मोबाईलवर लागतात का?"

मी लावून दिलं. काय दाबायचं ते सरांच्या पत्नीला दाखवलं, कारण सरांना दिसत नव्हतं. सरांना इयरफोन सहन होईना, म्हणून मोबाईल मोठ्या आवाजात पाण्याच्या तांब्यावरच्या पितळी झाकणावर ठेवलेला असायचा. त्यामुळे सर ऐकायचे, त्यांच्या पत्नी ऐकायच्या, शेंगा फोडायला आलेल्या शेजारणी ऐकायच्या. त्या सुट्टीत त्या ओसरीनं पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत सगळं ऐकून काढलं. मध्यंतरी सरांच्या पत्नीला बँकेतून बोलतोय म्हणून एकाचा फोन आला आणि त्यानं ओटीपी मागितला. त्या म्हणाल्या, "तू तिसऱ्या भागात हायेस," आणि फोन ठेवून दिला.

सर शाळेत परत आले ते माझ्यापुढे जाऊन आले. मी कामाच्या दिवशी एक याप्रमाणे ऐकत होते, त्यांनी दिवसाला पाच-पाच ऐकले होते. एआयला प्रश्न कसा विचारायचा, त्याचं उत्तर कसं तपासायचं, मुलांचे फोटो कुठे टाकायचे नाहीत, हे सगळं ते मला समजावून सांगू लागले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतकी वर्षं या शाळेत एकच गोष्ट मला येत होती आणि सरांना येत नव्हती, तीही गेली. त्या आठवड्यात मी बसमध्ये पॉडकास्ट लावला नाही, मुकाट झोपून गेले. सोमवारी सरांनी विचारलं, "बाई, नवा भाग ऐकला का?" मी म्हणाले, "बॅटरी नव्हती." एकोणीस वर्षांच्या सोबतीत मी सरांशी खोटं बोलले ते तेवढंच.

मग शिक्षण परिषद आली. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात, ती ही परिषद. प्रशिक्षणातले तेच तरुण सर तिथे एआय दाखवत होते. त्यांनी मोठ्या पडद्यावर लिहिलं, की पाथर्डी तालुक्यातल्या तिसरीच्या मुलांसाठी भागाकाराची गोष्ट तयार कर. गोष्ट लगेच तयार झाली. त्यात एक मुलगा समुद्रकिनारी शिंपले गोळा करतो आणि मित्रांमध्ये सारखे वाटतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे सर उभे राहिले.

"हे यंत्र कुठून शिकलं?"

"सर, जगभरात लोकांनी जे लिहून ठेवलंय त्यावरून."

"म्हणजे आमच्या मुलांबद्दल कोणी लिहिलेलं नसेल, तर त्याला ती माहीत नसणार."

"नसणार सर."

"मग त्याची चूक नाही," सर म्हणाले आणि खाली बसले.

परत येताना त्यांनी मला फाट्यापर्यंत मोटारसायकलवर सोडलं. फाट्यावर गाडी बंद न करताच म्हणाले, "बाई, दिवाळी झाली की आपली निम्मी शाळा जाणार. आपणच त्यांना पाठ बोलून पाठवले तर?"

आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोड सुरू होते. मुकादमाची वाहनं येतात, संसार वर चढतो, आणि नवरा-बायकोबरोबर पोरंही साखर कारखान्याच्या तळावर जाऊन पाचटाच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये राहतात. काही मुलं आजीपाशी थांबतात, काही हंगामी वसतिगृहात. त्या वर्षी एकतीस मुलांपैकी चौदा गेली, सगळी तिसरी-चौथीतली. त्यांच्यात चौथीतली एक मुलगी होती. वाचनात पहिली. आदल्याच आठवड्यात भागाकार सुरू केला होता आणि तो तिला येता येता राहिला होता. जाताना ती दप्तर घेऊनच ट्रॅक्टरवर बसली. तिची आई म्हणाली, "घिऊ द्या बाई, उशाला हुईल."

सरांनी त्या चौदा घरांचे मोबाईल नंबर घेऊन ग्रुप केला. स्वतः केला, मला न विचारता.

आता बोलायचं कोणी, हा प्रश्न होता. मी म्हणाले, मी बोलते. आमच्या घरात तीन पिढ्या शिक्षक आहेत आणि मी लग्नाआधीपासून दर रविवारी चर्चच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचत आले आहे. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचतो असं पाळकसाहेब स्वतः म्हणाले आहेत. मी भागाकाराचा पाठ लिहून काढला आणि सरांच्या मोबाईलसमोर वाचला. सरांनी तो पुन्हा लावून शांतपणे ऐकला.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "भागाकार वारल्यासारखं वाटतंय."

मग ते बोलले. सुरुवात अशी होती, "इयत्ता तिसरी व चौथीच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की." ते अकरा मिनिटं बोलले. मला काही म्हणावं लागलं नाही. ऐकता ऐकता त्यांनी स्वतःच बंद केलं.

पॉडकास्ट कसा करावा यावरही त्या दोघांचा एक भाग होता, तो आम्ही ऑफिसात बसून पुन्हा ऐकला. त्यांचं म्हणणं, आवाज घुमू नये म्हणून खोलीत जाड कापडं लावा. आणि हजारो लोक ऐकतायत असं समजू नका, समोर एकच माणूस बसलाय असं समजून बोला. सर म्हणाले, "हजारो नाहीतच. निम्मं काम झालं." मी घरून दोन गोधड्या आणल्या. एक खिडकीला लावली, एक भिंतीला. मग दार लावायला गेले तर सर म्हणाले, "दार राहू द्या." गावातल्या दोन शिक्षकांनी शाळा सुटल्यावर खिडकीला गोधडी लावून दार बंद केलं तर त्याचा पॉडकास्ट गावच करील, हे माझ्याही लक्षात आलं. दार उघडं राहिलं. त्यामुळे आमच्या सगळ्या भागांत शेळ्या आहेत. दुसऱ्या दिवसापासून सरांच्या पत्नीही येऊन पायरीवर बसू लागल्या. आधी सोबत म्हणून, नंतर टीका करायला.

समोर एकच माणूस हवा, म्हणून सरांनी मला मुलांच्या सतरंजीवर बसायला सांगितलं. माझे गुडघे दुखतात. मी भिंतीला धरून बसले. सर मोबाईल हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"समजा, तुमच्या टोपल्यात बारा भाकरी आहेत," ते म्हणाले. "जेवायला तीन माणसं. सगळ्यांना सारख्या द्यायच्या. एकाला किती?"

इथे मुलांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून थोडं थांबायचं असं आमचं ठरलं होतं. पण खाली बसून वर बघत असताना मला वर्गातली ती मुलगी आठवली. ती अशा वेळी काय म्हणायची ते आठवलं. आणि मी म्हणाले, "पाच."

सर रेकॉर्डिंग विसरले.

"पाच? पाच कशा? तिघांना पाच-पाच दिल्या तर पंधरा झाल्या! वरच्या तीन कुठून आणनार? शेजारनीकडून?"

"घरात पीठ असेल तर थापीन," मी म्हणाले.

"पीठ न्हाई!" सर ओरडले. चिडले की त्यांची भाषा घरची व्हायची. "बाराच हायेत! बोटं मोजा!"

पायरीवर त्यांच्या पत्नी हसत होत्या. सर भानावर आले, आपण हे पुसून टाकू म्हणाले, आणि पुसायच्या ऐवजी त्यांच्या बोटानं ते ग्रुपवर गेलं. आम्ही दोघंही मोबाईलकडे बघत राहिलो. परत कसं घ्यायचं ते कुठल्या तरी भागात होतं, पण तो शोधेपर्यंत उत्तर आलं. आवाजी संदेश होता. त्या मुलीचा. मागे बरीच मुलं आणि मोठी माणसंही हसत होती आणि ती त्यांच्या वर ओरडत होती, "बाई, चार! चार येत्यात! तुमी धरून मोजा ना!"

त्यानंतर पाठ लिहिला नाही. आठवड्यातून दोनदा सर शिकवायचे आणि मी चुकायची. मला भागाकार येईना, हातचा कसा घ्यायचा कळेना, महाराष्ट्राच्या शेजारी कोणती राज्यं आहेत ते आठवेना. सर चिडायचे, ते खरं असायचं. तिकडे मुलं मोबाईलच्या तोंडाशी ओरडून मला उत्तरं सांगायची. सुरुवातीला मला हे जड गेलं. मी तिसऱ्या पिढीची शिक्षिका आहे. पण काम समजत गेलं तसं लक्षात आलं, की चुकणं सोपं नाही. कशीही चूक चालत नाही. एकदा मी घाईत बारातून तीन गेले तर शंभर म्हणाले. एकही उत्तर आलं नाही. मुलाकडून जी चूक होते नेमकी तीच करावी लागते, आणि ती का होते हे आधी समजून घ्यावं लागतं. सत्तावीस वर्षं मी चुकांवर लाल पेनानं गोल काढले होते. त्या कुठून येतात हे मी सतरंजीवर बसून पहिल्यांदा पाहिलं.

बाकीचं तंत्र आम्ही लागेल तसं शिकलो. पाठवलेली फाइल तळावर उघडत नाही असं कळलं. प्रशिक्षणातल्या तरुण सरांना फोन केला, त्यांनी ती लहान कशी करायची ते सांगितलं. शेळ्यांचा आवाज कमी करायचं ॲपही सांगितलं. त्या ॲपनं शेळ्या ठेवल्या आणि मला काढून टाकलं, म्हणून आम्ही ते वापरलं नाही.

नाताळाच्या आधी एका दुपारी त्या मुलीच्या आईचा फोन आला. पोरीबद्दल काहीतरी असेल म्हणून मी घाईनं उचलला.

"बाई, एक इचारू का? राग नका धरू."

"विचारा."

"तुमाला भागाकार खरंच येत न्हाई व्हय?"

"येतो," मी म्हणाले.

"मंग बरंय," ती म्हणाली. "आमच्यात लई वाद झाला त्याच्यावर. मालक म्हन्ले, न्हाई येत, सरकारी हायेत." मग तिनं आवाज खाली घेतला. "काल त्ये वीस आन् चारचं हुतं ना, त्ये म्या सांगितलं. पोरीच्या आदी."

"बरोबर सांगितलंत?"

"पाच," ती म्हणाली. मी बरोबर आहे म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं, "नक्की ना? का तुमी चुकताय?"

जानेवारीत त्या मुलीचे संदेश बंद झाले. एक आठवडा गेला, दोन गेले. सर रोज सकाळी मोबाईल बघायचे आणि खिशात टाकायचे. शेवटी त्यांनीच तिच्या वडिलांना फोन लावला. घरातला मोबाईल आता वडील उसाच्या गाडीबरोबर घेऊन जात होते. कारखान्यावर रांग असायची, गाडी परत यायला दुपार व्हायची. आणि मुलगी दिवसभर धाकट्या भावाला सांभाळत उसाच्या फडात असायची. तिच्या आईनंही मधेच बोलून घेतलं, "गुरुजी, तिला ऐकायचंय, पर हातात मोबाईल आन् मांडीवर पोरगं एका टायमाला येत न्हाई."

सरांनी फोन ठेवला. त्यांनी तिला शाळेत पाठवा असं म्हटलं नाही. ते दरवर्षी म्हणत आले होते आणि दरवर्षी ट्रॅक्टर गेला होता. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"बाई, आपण फार बोलतो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून भाग पाच मिनिटांचे झाले. ते आम्ही आदल्या दिवशी तयार करून ठेवायचो आणि सर घरून सकाळी सहाला पाठवायचे, गाडी निघायच्या आत. पहिल्यांदा पाठवला त्या सकाळी मी स्टँडवर गाडीची वाट बघत उभी होते. सव्वासहाला ग्रुपवर तिचा आवाज आला. मागे एक लहान मूल रडत होतं. "बाई, हातचा एक डोक्यावर ल्हित जा, मंग इसरत न्हाई." गाडीत चढल्यावर मी कंडक्टरला पासाच्या ऐवजी मोबाईल दाखवला. तो म्हणाला, "बाई, पास दाखवा."

मुलं गुढीपाडव्यानंतर परत आली. उन्हानं काळवंडली होती आणि उंच झाली होती. ती मुलगी वर्गाच्या दारात उभी राहिली. आत यायच्या आधी तिनं मला विचारलं, "बाई, छत्तीस भागिले चार?"

"नऊ," मी म्हणाले.

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग आत येऊन आपल्या जागेवर बसली.

सरांनी चौदाही जणांची तोंडी परीक्षा घेतली. नऊ जणांना भागाकार येत होता, तिघांना अर्धा. दोघांनी एकही भाग ऐकलेला नव्हता, त्यांच्या घरच्या मोबाईलवर नेटच नव्हतं. ते दोघं ग्रुपवर आहेत म्हणजे ऐकतायत असं आम्ही सगळा हिवाळा धरून चाललो होतो. सरांना ते फार लागलं. उरलेले सगळे दिवस ते त्या दोघांना मधल्या सुट्टीत चिंचेखाली घेऊन बसले, पाटी आणि चिंचोके घेऊन. मोबाईल ऑफिसात ठेवायचे.

मे अखेरीस ते निवृत्त झाले. तरुण सर निरोप समारंभाला आले होते. आमच्या उपक्रमाचा अहवाल ठरावीक नमुन्यात द्या, असं त्यांनी सुचवलं. नमुन्यात एक रकाना होता, वापरलेले तंत्रज्ञान. सरांनी लिहिलं, एक मोबाईल, दोन गोधड्या, एक बाई. मी ते खोडून नीट लिहून दिलं. सरांचं निरोपाचं भाषण बरंच लांबलं, तेव्हा पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पाच मिन्टं झाली." ते थांबले. वाक्य अर्धंच राहिलं, आणि लोकांनी तिथेच टाळ्या वाजवल्या.

आता नवे मुख्याध्यापक आहेत. त्यांना मोबाईलमधलं सगळं येतं, त्यामुळे माझी ऑनलाइन कामं गेली. हिवाळ्यात मी भाग अजून करते. सरांच्या जागी मागे राहिलेल्या चौथीतल्या मुली असतात. त्या पाळीपाळीनं खुर्चीवर उभ्या राहून मला शिकवतात आणि सरांपेक्षा जास्त ओरडतात. नेट नसलेल्या घरांसाठी मुकादमाच्या मोबाईलमध्ये सगळे भाग भरून देते. तो तळावर मोठ्यानं लावतो. तो स्वतःही ऐकतो असं कळलं.

सर घरी ऐकतात आणि सकाळी फोन करतात, मी गाडीत बसलेली असते तेव्हा. मागच्या आठवड्यात म्हणाले, "बाई, काल सत्तावीसात अठरा मिळवताना हातचा सोडून दिलात, ती चूक फार चांगली होती. अगदी खरी वाटली."

"सर, ती खरीच होती," मी म्हणाले.



"मग तर ती काढू नका," ते म्हणाले. "असू द्या तशीच."